किल्ल्यातली ठेव : आर्चबिशप जॉन विल्यम्स यांचे आयुष्य

१६४६ च्या ऑगस्ट महिन्यात उत्तर वेल्समधल्या कॉन्वी या तटबंदीच्या गावावर पार्लमेंटच्या फौजेने हल्ला केला. आत राजाची शिबंदी होती. बाहेरच्या फौजेला मदत करणाऱ्या स्थानिक लोकांत चौसष्ट वर्षांचा एक धर्मगुरू होता. तो याच गावात जन्मला होता. यॉर्कचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस होता. आणि काही वर्षांपूर्वी याच किल्ल्याची डागडुजी त्याने राजासाठी स्वतःच्या खिशातून केली होती. त्याचे नाव जॉन विल्यम्स.

राजाच्या माणसांनी विल्यम्स यांना गद्दार ठरवले. पुढे इतिहास लिहिणाऱ्यांनीही धूर्त, संधिसाधू, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा असे शिक्के त्यांच्यावर मारले. यातले काही शिक्के त्यांनी स्वतःच्या वागण्याने कमावले होते, ते आम्ही लपवणार नाही. पण कॉन्वीच्या प्रकरणात त्यांच्यावर अन्याय झाला असे आमचे मत आहे. समाजकार्याच्या क्षेत्रात निष्ठा हा शब्द आमच्या कानावर रोज पडतो. संस्थेशी निष्ठा, नेत्याशी निष्ठा, पक्षाशी निष्ठा. ज्या साध्या माणसांनी विश्वासाने आपल्याकडे काही सोपवले, त्यांच्याशी निष्ठा असा विषय मात्र क्वचितच निघतो. विल्यम्स यांच्या आयुष्यात तो निघाला, तोही अगदी उतारवयात. म्हणून त्यांचे आयुष्य मुळापासून पाहायला हवे.

त्यासाठी आधी कॉन्वी समजून घ्यावे लागेल. हे गाव आणि त्याचा किल्ला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ मध्ये उत्तर वेल्स जिंकल्यावर बांधायला घेतला. आठ बुरुजांचा किल्ला, गावाभोवती सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा तट आणि तटाला २१ बुरूज. सगळे जवळपास चार वर्षांत उभे राहिले. त्या जागी आधी वेल्श राजांनी आश्रय दिलेला मठ होता, तो दुसरीकडे हलवला गेला. तटाच्या आत इंग्रज वसाहतकरी आणून बसवले आणि ज्यांची ती भूमी, त्या वेल्श लोकांना आत राहायला मज्जाव करण्यात आला. दगडी भिंतीने वस्तीची विभागणी कशी करतात, याचे हे सरळसरळ उदाहरण आहे.

पुढे अडीचशे वर्षांत हे कडक नियम ढिले पडले. वेल्श रक्ताच्या ट्यूडर घराण्याचा सातवा हेन्री १४८५ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला. त्याच्या बाजूने बॉसवर्थच्या लढाईत लढलेल्यांत विल्यम्स यांच्या पूर्वजांचे, कोखविलनच्या घराण्याचे नाव घेतले जाते. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडमध्ये विलीन झाले. वेल्श माणसाला इंग्रजासारखे हक्क मिळाले, पण एका अटीवर. न्यायालयाची आणि कारभाराची भाषा इंग्रजी राहील, आणि वेल्शच बोलणाऱ्याला सरकारी पद मिळणार नाही. साहजिकच वरच्या घरांतली मुले इंग्रजी शिकून लंडनकडे वळली आणि खालचा शेतकरी, गुराखी, मजूर आपल्या भाषेसकट जागच्या जागी राहिला.

अशा वरच्या, पण फार श्रीमंत नसलेल्या घरात २५ मार्च १५८२ रोजी जॉन विल्यम्स यांचा जन्म झाला. लहानपणीची एक गोष्ट त्यांचे चरित्रकार जॉन हॅकेट यांनी नोंदवली आहे. सात वर्षांचा जॉन गावाच्या तटावर चढला. अंगातला सैल झगा वाऱ्याने फुगेल आणि आपण तरंगत खाली उतरू असे त्याला वाटले, म्हणून त्याने समुद्राच्या बाजूला उडी टाकली. तो दगडावर पडला आणि त्याला कायमची दुखापत झाली. हॅकेट यांचे सगळेच सांगणे जसेच्या तसे घेता येत नाही. ते विल्यम्स यांचे आश्रित होते आणि त्यांच्या प्रेमात होते. पण पुढचे आयुष्य पाहिले की ही उडी खरी असावी असे वाटत राहते.

शिक्षण रूथिनच्या शाळेत झाले. ती शाळा वेस्टमिन्स्टर ॲबीचे डीन गेब्रियल गुडमन यांनी १५७४ मध्ये आपल्या जन्मगावी सुरू केली होती. लंडनमध्ये मोठ्या पदावर पोचलेल्या माणसाने मागे वळून गावातल्या मुलांसाठी काही केले, त्याचा लाभ जॉनला झाला. पुढे हाच मुलगा त्याच वेस्टमिन्स्टरचा डीन होणार होता. १५९८ मध्ये तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. लॅटिन आणि ग्रीक उत्तम, इंग्रजी मात्र वेल्श हेलाची. मुले त्याच्या बोलण्याला हसत. त्यावर त्याने उपाय काढला तो असा, की खोलीत कोंडून घेऊन वाचत बसायचे आणि उच्चार सुधारल्यावरच चारचौघांत तोंड उघडायचे. गावाकडून शहरातल्या कॉलेजात गेलेल्या पहिल्या पिढीतल्या कुणालाही ही खोली परकी वाटणार नाही. दिवसाकाठी तीन तास झोप त्यांना पुरे, असे म्हटले जाई.

अभ्यासाने त्यांना कॉलेजची फेलोशिप मिळवून दिली. त्या पुढची चढण मात्र आश्रयदात्यांच्या जोरावर झाली. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. लॉर्ड चॅन्सेलर एल्समीर यांनी त्यांना आपले खासगी धर्मगुरू म्हणून ठेवून घेतले. लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे राज्याचा सर्वोच्च न्यायाधिकारी. त्याच्या घरात राहून विल्यम्स यांनी बायबलबरोबर कायदाही शिकून घेतला. १६१७ मध्ये एल्समीर वारले, तेव्हा त्यांच्या न्यायदानाची टिपणे आणि कागदपत्रे विल्यम्स यांच्याकडे आली. मग राजा पहिला जेम्स याची मर्जी, मग राजाच्या लाडक्या बकिंगहॅमची. बकिंगहॅमला रटलंडच्या अर्लची मुलगी कॅथरीन मॅनर्स हिच्याशी लग्न करायचे होते. ती कॅथलिक होती. तिला इंग्लंडच्या चर्चमध्ये यायला राजी करण्याचे काम विल्यम्स यांनी केले आणि १६२० मध्ये ते लग्नही त्यांनीच लावले. त्याच वर्षी ते वेस्टमिन्स्टरचे डीन झाले.

१६२१ मध्ये तत्त्वज्ञ म्हणून आज जगाला माहीत असलेले फ्रान्सिस बेकन लाचखोरीच्या प्रकरणात लॉर्ड चॅन्सेलर पदावरून गेले. त्यांच्या जागी राजाने एकोणचाळीस वर्षांच्या विल्यम्स यांना बसवले. पदाचे नाव लॉर्ड कीपर, म्हणजे राजमुद्रेचा रक्षक. त्याबरोबर लिंकनचे बिशपपदही दिले. वकील मंडळींचा संताप झाला. कायद्याची पदवी नसलेला पाद्री आम्हांला न्याय शिकवणार का, असा त्यांचा सूर होता. एका वकिलाने त्यांची फजिती करायची म्हणून जुनाट, अगम्य कायदेशीर शब्द कोंबून एक अर्ज भर कोर्टात मांडला. विल्यम्स यांनी गंभीर चेहऱ्याने तर्कशास्त्र आणि अध्यात्मातल्या तितक्याच अगम्य शब्दांत त्याला उत्तर दिले. कोर्ट हसले, वकील खाली बसला. केंब्रिजमध्ये ज्याच्या बोलीला लोक हसले, त्याने आता हशा कुणाच्या बाजूला वळवायचा ते शिकून घेतले होते.

इंग्लंडमध्ये राजमुद्रा सांभाळणारे ते शेवटचे धर्मगुरू ठरले. कामाचा उरक प्रचंड होता. पण हावही होती. बिशपपदाबरोबर वेस्टमिन्स्टरचे डीनपद, एका खेड्यातल्या चर्चचे उत्पन्न आणि इतर जागा त्यांनी सोडल्या नाहीत. हा एकटाच माणूस म्हणजे अख्खे धर्मक्षेत्र आहे, अशी चेष्टा होत असे. एका माणसाकडे पाच पदांचे उत्पन्न म्हणजे चार गावांच्या लोकांनी भरलेल्या पैशाच्या बदल्यात त्यांना धर्मगुरू दिसतच नाही, हा त्याचा व्यवहारी अर्थ. आलेल्या पैशाचा काही भाग त्यांनी ग्रंथालयाला दिला हेही सांगितले पाहिजे. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे जुने ग्रंथालय त्यांच्या देणगीतून उभे राहिले. नदीकडच्या खिडकीवर त्यांच्या लॅटिन पदनामाची आद्याक्षरे आणि १६२४ हे साल आजही वाचता येते.

याच काळात त्यांनी एक उपकार केला, जो त्यांना फार महागात पडला. विल्यम लॉड नावाच्या धर्मगुरूला बिशप करायला राजा जेम्स तयार नव्हता. विल्यम्स यांनी शब्द टाकला आणि लॉड वेल्समधल्या सेंट डेव्हिड्सचे बिशप झाले. १६२५ मध्ये जेम्स वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या अंत्यविधीचे प्रवचन विल्यम्स यांनी दिले. नवा राजा पहिला चार्ल्स याच्याशी त्यांचे जमले नाही. पार्लमेंट ऑक्सफर्डला हलवू नका, तिथे भांडण वाढेल, असा सल्ला त्यांनी दिला. तो खरा ठरला, आणि खरा ठरलेला सल्ला सत्ताधाऱ्याला सहसा आवडत नाही. बकिंगहॅमचे कान आधीच भरलेले होते. ऑक्टोबर १६२५ मध्ये राजमुद्रा त्यांच्याकडून काढून घेतली गेली. पुढच्या फेब्रुवारीत चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा वेस्टमिन्स्टरचे डीन म्हणून जे मानाचे काम विल्यम्स यांचे होते, ते लॉड यांनी केले.

लॉड पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. चर्चमध्ये प्रार्थनेचे मेज कुठे ठेवायचे, त्याभोवती कठडा घालायचा की नाही, यावरून त्या काळी अख्खा देश भांडत होता. आज हसू येईल, पण प्रश्न अधिकाराचा होता. मेज वेदीसारखे दूर, उंचावर आणि कठड्याआड गेले की धर्मगुरूही लोकांपासून दूर आणि उंच जातो. लॉड यांना तेच हवे होते. विल्यम्स यांनी तडजोडीची बाजू घेतली, त्यावर पुस्तकही लिहिले. मेज लोकांच्या सोयीने ठेवावे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांना अडकवण्यासाठी मात्र दुसरेच प्रकरण बाहेर काढण्यात आले. राजाच्या गुप्त गोष्टी बोलल्याचा आरोप १६२८ मध्ये झाला होता. तो रेंगाळला, पण त्यातून साक्षीदारांना खोटे बोलायला लावल्याचा नवा आरोप निघाला. खटला स्टार चेंबरपुढे चालला. या न्यायालयात ज्युरी नव्हती, राजाचे मंत्रीच न्यायाधीश म्हणून बसत. जुलै १६३७ मध्ये १०,००० पौंड दंड आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद अशी शिक्षा झाली. विल्यम्स या आरोपात पुरते निर्दोष होते असे आम्ही म्हणणार नाही. साक्षीदारांशी त्यांनी खेळ केला असावा असे दिसते. पण ज्यांनी शिक्षा दिली ते न्याय करायला बसले नव्हते, हेही तितकेच खरे. बकडेनच्या त्यांच्या वाड्यातले सामान मातीमोल भावाने विकले गेले. मग वेस्टमिन्स्टर शाळेच्या मुख्याध्यापकाने त्यांना पाठवलेल्या पत्रांत लॉड यांची टिंगल सापडली. त्यावरून दुसरा खटला होऊन आणखी ८,००० पौंड दंड बसला. स्वतः न लिहिलेल्या पत्रांसाठी.

१६४० च्या नोव्हेंबरमध्ये नवे पार्लमेंट भरले. पैशाची निकड असल्याने ते बोलावणे राजाला भाग पडले होते. पार्लमेंटने विल्यम्स यांना तीन वर्षांनी टॉवरमधून सोडवले. ते बाहेर आले तेव्हा राजाच्या छळाचा बळी म्हणून लोकांत त्यांची लोकप्रियता होती. इथे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत काळे पान येते.

राजाचा खंबीर मंत्री स्ट्रॅफर्ड याला देहान्ताची शिक्षा देणारे विधेयक पार्लमेंटने मंजूर केले. राजाने स्ट्रॅफर्डला अभय दिले होते. सही करावी की मोडावा शब्द, हे राजाने बिशपांना विचारले. विल्यम्स यांनी त्याला असा मार्ग दाखवला की राजाला दोन विवेक असतात, एक खासगी माणसाचा आणि एक राज्यकर्त्याचा. खासगी विवेकाला जे पटत नाही ते राज्यकर्त्याच्या विवेकाने करता येते. राजाने सही केली. १२ मे १६४१ रोजी स्ट्रॅफर्डचा शिरच्छेद झाला. चार्ल्सला ही सही मरेपर्यंत बोचत राहिली. स्ट्रॅफर्डबद्दल आम्हांला फारसे ममत्व नाही, त्याची राजवट कठोर होती. पण दिलेला शब्द कसा मोडावा याची युक्ती ज्याने राजाला शिकवली, त्याच माणसाला चार वर्षांनी राजाच्या दिल्या शब्दाची किंमत कळणार होती. योगायोग म्हणा हवे तर.

डिसेंबर १६४१ मध्ये राजाने त्यांना यॉर्कचे आर्चबिशप केले. लंडनच्या रस्त्यांवर तेव्हा बिशपांविरुद्ध जमाव उतरला होता. उमरावांच्या सभागृहात जाताना धक्काबुक्की झाली. चिडलेल्या विल्यम्स यांनी अकरा बिशपांना सोबत घेऊन निवेदन काढले. आम्हांला सभागृहात येऊ दिले जात नाही, म्हणून आमच्या गैरहजेरीत झालेले सगळे कामकाज रद्दबातल, असा त्याचा आशय. ही मोठी चूक होती. आयुष्यभर तोलून मापून पावले टाकणारा माणूस रागाच्या भरात एका दिवसात घसरला. कॉमन्स सभागृहाने बाराही बिशपांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला आणि विल्यम्स पुन्हा टॉवरमध्ये गेले. लॉड तिथे आधीपासून कैदेत होते. ज्याला आपण बिशप केले, ज्याने आपल्याला कैदेत टाकले, तो आणि आपण आता एकाच तुरुंगात.

१६४२ च्या मे महिन्यात सुटका झाल्यावर ते उत्तरेला राजाकडे गेले. जूनमध्ये यॉर्कला त्यांचा पदग्रहणाचा विधी झाला आणि ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. पार्लमेंटच्या बाजूच्या तरुण हॉथमने त्यांना पकडायची धमकी दिली होती. केवुडच्या वाड्यातून ते रातोरात निसटले आणि थेट जन्मगावी, कॉन्वीला पोचले. यॉर्कची गादी त्यांना पुन्हा कधी दिसली नाही.

वेल्स बहुतांशी राजाच्या बाजूने होते. याचा अर्थ वेल्श लोकांनी विचार करून राजाची बाजू निवडली असा काढू नये. जमीनदार राजाकडे, म्हणून त्यांची कुळे राजाकडे. राजाच्या पायदळात वेल्समधून माणसे भरभरून गेली. पोटाला तुटवडा असलेल्या डोंगराळ मुलखातून सैन्यभरती सोपी असते, हे जगात सगळीकडे दिसते. विल्यम्स स्वतः मात्र जाणूनबुजून राजपक्षात होते. राजाने त्यांना छळले, तरी राजाशिवाय देश चालेल असे त्यांना वाटत नव्हते. आयर्लंडमधल्या राजाच्या प्रतिनिधीला, ऑर्मंडला, त्यांनी या काळात पत्रांमागून पत्रे लिहिली. दारूगोळा, गलबते, किनाऱ्याचे रक्षण, हेच सगळे विषय.

कॉन्वीचा किल्ला पडीक झाला होता. विल्यम्स यांनी स्वतःच्या पैशाने तो दुरुस्त केला, त्यात धान्य भरले, बंदोबस्त केला. ऑगस्ट १६४३ मध्ये राजाने त्यांना पत्र पाठवून हे काम चालू ठेवायला सांगितले आणि हमी दिली, की त्यांनी घातलेला पैसा परत केल्याशिवाय किल्ला दुसऱ्या कुणाच्या ताब्यात दिला जाणार नाही.

या हमीच्या भरवशावर गावातल्या आणि आसपासच्या लोकांनी आपल्या मौल्यवान वस्तू किल्ल्यात आणून ठेवल्या. जमिनीचे दस्त, चांदीची भांडी, घरातले जे काही हलवता येण्यासारखे आणि जपण्यासारखे होते ते. युद्धात दोन्ही बाजूंचे सैनिक लुटत होते, त्यामुळे घरात काही ठेवणे धोक्याचे होते. विल्यम्स यांनी प्रत्येक मालकाला पावती दिली आणि वस्तू हरवली तर जबाबदारी स्वतःवर घेतली.

ही पावती आम्हांला फार महत्त्वाची वाटते. बचत गटांसोबत काम करताना आम्ही पाहिले आहे, की पेटीची किल्ली जिच्याकडे असते तिच्यावर पावतीचे दडपण असते. रक्कम लहान असली तरी ते दडपण लहान नसते. राजाशी निष्ठेची शपथ उंचावरून घेतली जाते. पावतीवरचे नाव मात्र रोज रस्त्यात भेटणाऱ्या माणसाचे असते. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या तटाच्या आत वेल्श माणसाला राहू दिले जात नव्हते, त्याच तटाच्या आत वेल्श माणसांनी आपले सर्वस्व एका वेल्श माणसाच्या हाती सोपवले होते.

मे १६४५ मध्ये सर जॉन ओवेन हा राजपक्षाचा सेनाधिकारी कॉन्वीला आला. तोही वेल्श, क्लेनेनाय या ठिकाणचा, शूर आणि उद्दाम. राजाचा भाचा राजपुत्र रुपर्ट याने त्याला तिथला अधिकार दिला होता. लष्करी दृष्टीने पाहिले तर त्याची बाजूही होती. शत्रू जवळ येत असताना किल्ला एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या हातात कशाला? ओवेनने कुलपे तोडून किल्ला ताब्यात घेतला आणि आर्चबिशपांना बाहेर काढले. विल्यम्स यांचा पैसा परत मिळाला नाही, तो त्यांनी सोडलाही असता. पण लोकांच्या वस्तू आतच राहिल्या. मालक पावत्या घेऊन आले तरी ओवेन देईना. विल्यम्स यांनी राजाकडे दाद मागितली. राजाने लेखी हमी दिली होती, पण आता त्या हमीसाठी त्याने काही केले नाही. पुढच्याच महिन्यात नेस्बीच्या लढाईत राजाचा निर्णायक पराभव झाला, मग तर कुणाला वेळही नव्हता.

१६४६ च्या मे महिन्यात चार्ल्स स्कॉट फौजेच्या स्वाधीन झाला. जूनमध्ये त्याने स्वतःच आपल्या शिबंद्यांना किल्ले खाली करायचा हुकूम काढला. म्हणजे ज्याच्यासाठी लढायचे त्यानेच शस्त्रे ठेवायला सांगितले होते. तरी ओवेन कॉन्वी धरून बसला. पार्लमेंटचा सेनापती थॉमस मिटन याने कार्नार्व्हन आणि ब्यूमॅरिस घेतले आणि तो कॉन्वीवर आला. विल्यम्स यांनी त्याच्याशी बोलणी केली. अट एकच. किल्ला पडल्यावर लोकांच्या वस्तू ज्याच्या त्याला परत मिळाल्या पाहिजेत. मिटनने ती मान्य केली. मग आर्चबिशप स्वतः आपल्या माणसांसह हल्ल्यात उतरले. त्यात त्यांच्या मानेला जखम झाल्याचे सांगितले जाते. ऑगस्टमध्ये गाव पडले. किल्ला नोव्हेंबरपर्यंत टिकला. तो पडल्यावर ठेवी मालकांना परत देण्यात आल्या.

इथे थांबलो असतो तर विल्यम्स यांची प्रतिमा उजळ राहिली असती. पण गाव पडले त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. शिबंदीत आयरिश सैनिक होते. हाती लागलेल्या आयरिश सैनिकांना जीवदान देऊ नये असा पार्लमेंटचा १६४४ चा हुकूमच होता. कॉन्वीत सापडलेल्या आयरिशांना पाठीला पाठ लावून बांधले आणि पाण्यात फेकून दिले, अशी नोंद आहे. बाकी कैद्यांना हा न्याय नव्हता. जन्मावरून जीव घ्यायचा की ठेवायचा हे ठरत होते. हुकूम विल्यम्स यांचा नव्हता. पण ज्या फौजेला त्यांनी वाट दाखवली त्या फौजेचा होता, आणि तो हुकूम सगळ्यांना माहीत होता. गावकऱ्यांचे दस्त आणि चांदी परत मिळवताना त्या परक्या, गरीब शिपायांची बाजू त्यांच्या करारात कुठेच नव्हती. ज्यांच्या नावाची पावती कुणाकडे नसते, त्यांचे असे होते.

राजपक्षात विल्यम्स यांचे नाव काळवंडले. स्वतःची जमीनजुमला वाचवण्यासाठी त्यांनी बाजू बदलली असे म्हटले गेले. त्यांची पेनरिनची मोठी जहागीर होती, तेव्हा हा संशय अगदी निराधार नाही. पण ज्या अटीवर त्यांनी मदत केली ती अट लोकांच्या मालमत्तेची होती, आणि ती पुरी झाली. राजाचा हुकूम, राजाची हमी आणि प्रत्यक्ष परिस्थिती, तिन्ही पाहता ओवेनच्या हट्टाला निष्ठा म्हणायचे आणि विल्यम्स यांच्या वागण्याला गद्दारी, हे आम्हांला पटत नाही. ओवेन १६४८ च्या उठावात पुन्हा लढला, पकडला गेला, त्याला मृत्युदंड झाला आणि शेवटी माफी मिळाली. इतिहासात त्याची प्रतिमा निष्ठावंत योद्ध्याची राहिली.

जानेवारी १६४९ मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला. विल्यम्स यांना त्याचा जबर धक्का बसला. पार्लमेंटला किल्ला मिळवून देणारा हा माणूस अखेरपर्यंत राजाचाच होता, हे तेव्हा दिसले. शेवटच्या वर्षात ते रोज मध्यरात्री उठून उघड्या गुडघ्यांवर पाव तास प्रार्थना करत, असे हॅकेट सांगतात. कॉन्वीजवळच्या ग्लोदाएथ इथे मोस्टिन घराण्याच्या वाड्यात २५ मार्च १६५० रोजी ते वारले. त्या दिवशी त्यांना अडुसष्ट वर्षे पूर्ण होत होती.

बँगोरजवळच्या लॅंडिगाईच्या छोट्या चर्चमध्ये त्यांना पुरले. पुतण्याने तिथे स्मारक उभारले, त्यात ते प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसलेले दिसतात. लॅटिन लेख हॅकेट यांनी लिहिला. त्यांनी लिहिलेले मोठे चरित्र मात्र त्यांच्या स्वतःच्या मृत्यूनंतर, १६९३ मध्ये छापून आले. कॉन्वीचा किल्ला १६५५ मध्ये मुद्दाम मोडून लढाईला निरुपयोगी करण्यात आला. चर्चमध्ये स्मारकाजवळ आर्चबिशपांचे शिरस्त्राण आणि घोडेस्वाराच्या टाचेला लावायच्या आऱ्या टांगून ठेवलेल्या आहेत.